हरळीचं बी आणि पिरंगुटची माती

पिरंगुट-भुकूम पट्ट्यात बंगल्यापुढे लॉन करायचं म्हटलं की बहुतेक जण नर्सरीतून कार्पेट आणून अंथरतात. बी टाकून केलेलं हरळीचं लॉन त्याहून कितीतरी स्वस्त पडतं. फक्त वेळ चुकली की पैसे पाण्यात. ‘हवेत गारवा आला की पेरा’ हा परदेशी सल्ला रायग्रास, फेस्क्यू अशा थंड मुलखातल्या गवतांसाठी असतो. त्यांना १० ते १८ अंश सेल्सिअसची माती चालते. हरळी उन्हाची. माती १८ अंशांच्या खाली असली तर तिचं बी नुसतं पडून राहतं, आणि साधारण २४ ते ३२ अंशांत ते झपाट्याने उगवतं.

बी आधी पाणी शोषतं, मग त्यातली विकरं साठवलेल्या पिष्टाची साखर करतात आणि त्या साखरेवर कोंब वाढतो. या सगळ्याचा वेग उबेवर ठरतो. गार मातीत बी भिजतं खरं, पण कोंब यायला आठवडे लागतात, आणि तोवर बुरशी आणि मुंग्या आपलं काम उरकतात.

म्हणून मोबाइलवरचं तापमान पाहून ठरवू नये. ते हवेचं असतं. माती दिवसा ऊन साठवते आणि रात्री सावकाश सोडते, त्यामुळे जानेवारीच्या पहाटे हवा १० अंशांवर उतरली तरी पाच सेंटिमीटर खाली माती काही अंश उबदारच सापडते. माती आणि तिच्यालगतची हवा यांच्या तापमानाच्या अभ्यासाचा भारतातला पाया तर आपल्या पुण्यातच घातला गेला. हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ मध्ये पुण्यात सुरू झाला आणि डॉ. एल. ए. रामदास त्याचे प्रमुख झाले. निरभ्र, शांत रात्री हवेचा सर्वांत गार थर जमिनीला टेकलेला नसून तिच्या थोडा वर असतो, हे त्यांनी दाखवलं. तो थर आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. काळ्या मातीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला की खालची माती बरीच गार राहते, हाही त्यांच्या पुण्यातल्या प्रयोगांचा निष्कर्ष. तो पुढे आपल्या कामाला येईल.

मोजायला दांडीचा साधा तापमापक पुरतो. कृषी हवामान केंद्रांवर मातीचं तापमान ५, १० आणि २० सेंटिमीटरवर, सकाळी सात आणि दुपारी दोनला घेतात. आपल्याला पाचाचं पुरे. वाफ्याच्या मधोमध, फरसबंदीपासून आणि भिंतीपासून लांब, आधी खिळ्याने भोक पाडावं, तापमापक पाच सेंटिमीटर आत सरकवावा, भोवतीची माती बोटाने दाबून घ्यावी आणि पारा स्थिर झाल्यावरच आकडा वाचावा. आठवडाभराच्या सकाळ-दुपारच्या आकड्यांची सरासरी २० अंशांच्या वर टिकली तर बी टाकायला हरकत नाही.

आता पिरंगुटचं वर्ष पाहू. डिसेंबर-जानेवारी सोडून द्यावेत. दुपार बरी असली तरी सकाळी मातीचं तापमान फार खाली येतं. फेब्रुवारी संपता संपता माती तापते, पण पुढे सगळा उन्हाळा. एप्रिलमध्ये उघड्या मातीचा पृष्ठभाग दुपारी ५० अंशांच्या पुढे जातो आणि हरळीचं बी तर वरच्या अर्ध्या सेंटिमीटरातच असतं. दिवसातून तीन-चार वेळा हलकं पाणी देता येणार असेल तरच या वाटेला जावं. टँकरवर भिस्त असलेल्यांनी जाऊ नये. जूनमध्ये ऊब आणि ओल दोन्ही मिळतात, मात्र आपल्या मुळशी तालुक्याचा पाऊस पुण्यासारखा नाही. एक जोरदार सर आली की उतारावरचं बी कोपऱ्यात गोळा होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं, माती चिकट, आणि हरळीला सावली अजिबात सोसत नाही.

माझ्या मते सर्वांत चांगला काळ गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंतचा. सरींचा जोर ओसरलेला असतो, खालची ओल टिकून असते, माती पंचविशीच्या आसपास असते आणि ऑक्टोबरचं ऊन रोपांना थंडीआधी जमिनीवर पसरायला वेळ देतं.

पेरणीआधी लव्हाळा गाठींसकट काढावा. वरून खुरपून भागत नाही, तो गाठीतून पुन्हा फुटतो. जमीन भुसभुशीत करून सपाट करावी. हजार चौरस फुटांना अर्धा ते एक किलो बी लागतं. दाणा इतका बारीक की मुठीने फेकला तर एकीकडे दाट, एकीकडे उघडं राहतं. चाळलेल्या कोरड्या वाळूत मिसळून निम्मं उभं, निम्मं आडवं टाकावं. दाताळं अलगद फिरवावं, बी खोल जाऊ देऊ नये, मग हलका रोलर. वर भाताचा पेंढा अगदी विरळ, खालची माती दिसेल इतपतच पसरावा. रामदासांच्या पांढऱ्या थरासारखाच तो ऊन परतवतो आणि ओलही धरतो.

सोललेलं बी आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं, टरफलासकटचं त्याहून उशिरा. हिरवी लव दिसली की पेंढा उचलावा आणि पाणी कमी वेळा पण खोलवर द्यावं. पाती दोन इंचांची झाली की पहिली कापणी. त्या वेळी यंत्राचं पातं धारदार हवं, नाहीतर कोवळी रोपं मुळासकट उपटून येतात.