मुक्या जनावराचं दुखणं



दावणीचा बैल एके सकाळी पेंढ्याला तोंड लावत नाही. पाठीला पोक काढून कडेला उभा राहतो. "माजलाय लेकाचा," म्हणून आपण चाबूक उगारतो. पण तो माजला नसेल. त्याला दुखत असेल. ते ओळखायचं कसं, हे आज पाहू.

खुरात खिळा शिरला की तिथल्या मज्जातंतूंची टोकं चेतवली जातात. निरोप आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जातो आणि पाय झटकन वर उचलला जातो. इथं मेंदूच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाही. निरोप पुढं मेंदूत पोचला, की मग वेदना जाणवते. पहिली कळ तीव्र, पण क्षणाची. मागून येणारा ठणका मंद, पण टिकणारा. कारण हे दोन निरोप वेगवेगळ्या तंतूंतून, वेगवेगळ्या गतीनं जातात. ही रचना माणसात आहे तशीच गुरांतही आहे.

मग जनावर ओरडत का नाही? गाय, शेळी ही शिकार होणारी जात. कळपात लंगडणारं जनावर वाघाच्या नजरेत आधी भरतं. म्हणून सोसून गप्प राहणं त्यांच्या अंगी मुरलेलं असतं.

तरीपण अंग बोलतंच. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधन संस्था आहे. अशा संस्थांत प्रयोगासाठी उंदीर पाळतात. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार शस्त्रक्रियेच्या प्रयोगात शक्यतो भूल द्यावी लागते. पण उंदराला दुखतंय हे कळावं कसं? २०१० साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या चेहऱ्याचीच मोजपट्टी केली. मिटलेले डोळे, फुगलेलं नाक नि गाल, कानांची आणि मिशांची ठेवण, या प्रत्येकाला शून्य ते दोन गुण द्यायचे.

पनवेल-उरणकडच्या गोठ्यातही असंच पाहता येईल. कान मागं पडलेत का? डोळ्यांवरचे स्नायू ताणलेत का? जनावर दात खातंय का? रवंथ कमी झालाय का? मग त्याला सपाट जागेवर चालवून पाहा. उभं असताना पाठ सरळ, पण चालताना वाकते, तर दुखणं नुकतं सुरू झालंय असं समजा. उभ्यानंही पाठ वाकलेली, तर ते वाढलंय. पाय टेकवतच नसेल, तर डॉक्टरांना बोलावण्यात दिवस घालवू नका.

औषध मात्र आपल्या मनानं देऊ नका. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. ते दिलेलं गुरू मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. त्यापायी देशातली गिधाडं झपाट्यानं घटली. गिधाडांना निर्धोक असं मेलोक्सिकॅम मिळतं. पण ते किती द्यायचं, हे पशुवैद्यांनीच ठरवावं.

गुरुजी, एखाद्या दिवशी मुलांना गोठ्यात न्या आणि नुसतं पाहायला सांगा. आणि शेतकरीदादा, चाबकाला हात घालण्याआधी एकदा बैलाचा खूर उचलून पाहा.