पंपघरातील तर्कनियंत्रक : उभारणी व आज्ञावली

कृष्णाकाठच्या एखाद्या सहकारी उपसा सिंचन योजनेच्या पंपघरात रात्रपाळीची वीज येते, तेव्हा अनुभवी पंपचालक काय करतो हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे असते. वीज येताच तो बटणाकडे धावत नाही. प्रथम तिन्ही फेजांचे दिवे पाहतो. जॅकवेलमध्ये बॅटरीचा झोत टाकून पाण्याची पातळी न्याहाळतो. मग एक मोटार सुरू करतो, आणि तिचा आवाज कानास बरोबर वाटला म्हणजे दुसरीकडे वळतो. हा क्रम त्यास कोणी लिहून दिलेला नसतो. एखादी मोटार जळाल्यानंतर, एखादा पंप कोरडा फिरल्यानंतर तो त्याच्या अंगवळणी पडलेला असतो.

प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे कारागीर ज्यास पी. एल. सी. म्हणतात तो तर्कनियंत्रक, हाच क्रम बिनचूक पाळू शकतो. मात्र तो त्यास आधी सांगावा लागतो. पंपचालकाने सांगितले नाही आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने विचारले नाही, तर ती गोष्ट यंत्रास कधीच कळणार नाही. म्हणून उभारणीचे काम पेटी उघडण्यापासून सुरू न करता पंपचालकाजवळ वही घेऊन बसण्यापासून सुरू करावे.

ह्या यंत्राचा जन्म मोटारगाड्यांच्या कारखान्यात झाला. रिलेंनी भरलेली कपाटे प्रत्येक नव्या बनावटीच्या वेळी पुन्हा जोडावी लागत. ह्या कटकटीतून सुटण्यासाठी अमेरिकेतील जनरल मोटर्सने 1968 साली नव्या नियंत्रकाची मागणी केली आणि डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘मॉडिकॉन 084’ हा नियंत्रक 1969 मध्ये तयार झाला. तारा न बदलता केवळ आज्ञा बदलावयाच्या, ही त्यातील मुख्य कल्पना होय.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. विहिरीवर एकच मोटार असणाऱ्या शेतकऱ्याने ह्या खर्चात पडू नये. त्यास चांगला स्टार्टर, ओव्हरलोड रिले व सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर पुरेसे आहेत. अनेक मोटारी, ठिबक संचाचे अनेक व्हॉल्व्ह किंवा हरितगृह असेल, तेथेच हे यंत्र आपली किंमत भरून काढते.

सुट्या घटकांचा नियंत्रक 35 मिलिमीटर रुंदीच्या धातूच्या पट्टीवर ओळीने बसवितात. एक घटक वीज पुरवितो, दुसरा विचार करतो, काही घटक बाहेरची खबर आत आणतात व काही आतली आज्ञा बाहेर नेतात. किती घटक घ्यावयाचे हे मोजून ठरवावे. समजा, पंपघरात तीन मोटारी आहेत. प्रत्येकीची चालू व बंद अशी दोन बटणे, ओव्हरलोडचा एक संपर्क आणि काँटॅक्टर खरोखर ओढला गेला हे सांगणारा एक संपर्क, अशा बारा खबरा झाल्या. पाण्याच्या पातळीचे दोन फ्लोट, फेज तपासणारा रिले आणि स्वयंचलित-हस्तचलित निवडीचा खटका मिळून सोळा. सोळा जागांचा घटक यामुळे तंतोतंत भरतो, म्हणजेच अपुरा पडतो. उद्या एक फ्लोट वाढवावयाचा झाल्यास जागा राहत नाही. काही जागा मोकळ्या राहतील असाच हिशेब धरावा.

पातळी मोजणारे साधन बहुधा 4 ते 20 मिलिअँपिअर प्रवाहाने खबर देते. 0 ते 10 मीटर मोजणाऱ्या साधनाकडून 12 मिलिअँपिअर आले, तर पाणी 5 मीटर आहे. सुरुवात शून्याऐवजी 4 पासून ठेवण्यात शहाणपण आहे. जॅकवेल रिकामी असली तरी 4 येतात. तार तुटली तरच शून्य येते. त्यामुळे पाणी संपले की तार तुटली, हा फरक यंत्रास कळतो.

कपाटाची जागा निवडताना पुराची आठवण ठेवावी. 2005, 2019 व 2021 साली सांगली-कोल्हापूर भागात पाणी कोठवर चढले होते, ते गावातील कोणीही दाखवील. त्या खुणेच्या वरच कपाट बसवावे. नियंत्रकाच्या वर व खाली हवा खेळण्यास माहितीपत्रकात सांगितलेले अंतर सोडावे. मोटारीच्या जाड तारा आणि खबरांच्या बारीक तारा एकाच नळीतून नेऊ नयेत. एकमेकींना ओलांडणे भागच पडले तर काटकोनात ओलांडाव्यात. मोठ्या काँटॅक्टरची कॉइल नियंत्रकाच्या घटकास थेट न जोडता मध्ये लहान रिले घालावा. तारा आत येण्याची भोके ग्लँड लावून बुजवावीत. उबेला आलेली एक पाल कपाटातील दोन टोके जोडून सारी योजना थांबवू शकते, हे पंपघरात वावरणाऱ्यास सांगावयास नको. जोडणीचे सर्व काम परवानाधारक वायरमनकडून आणि वीज पूर्ण तोडूनच व्हावे.

आता सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे बंद करण्याचे बटण. हे बटण एरवी मिटलेल्या संपर्काचे, म्हणजे एन. सी. असावे. त्यातून 24 व्होल्टचा दाब सतत नियंत्रकाकडे जात राहतो व बटण दाबताच तो तुटतो. उंदराने तार कुरतडली तरीही तो तुटतो आणि मोटार थांबते. बटण एरवी उघडे ठेवल्यास तुटलेल्या तारेचा पत्ता लागत नाही. ज्या दिवशी कोणाचे धोतर कपलिंगमध्ये सापडते त्या दिवशी बटण दाबूनही काही होत नाही. आणीबाणीचे लाल बटण तर आज्ञावलीवर मुळीच सोपवू नये. ते काँटॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा तारेनेच थेट तोडणारे असावे, कारण नियंत्रकातील रिलेचे संपर्क चिकटले तर आज्ञावली कितीही अचूक असली तरी निरुपयोगी ठरते.

आज्ञावली लिहिण्याच्या निरनिराळ्या भाषा 1993 च्या आंतरराष्ट्रीय मानकात नमूद झाल्या. त्यांपैकी शिडीसारखी दिसणारी आकृती, लॅडर, वायरमनच्या परिचयाची असते. यंत्र प्रथम सर्व खबरा वाचते, मग शिडीच्या पायऱ्या वरून खाली तपासते, शेवटी आज्ञा बाहेर सोडते, आणि हे चक्र सामान्यतः सेकंदाच्या अल्पांशात पुरे करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. ह्याच क्रमामुळे एका मोटारीची आज्ञा दोन पायऱ्यांवर लिहिली, तर खालची पायरी वरचीस पुसून टाकते. नवशिक्यांची दुसरी चूक त्या बंद बटणाचीच असते. तारेत ते मिटलेले आहे म्हणून ते शिडीतही मिटलेल्या चिन्हाने काढतात, आणि मोटार सुरूच होत नाही. बटण न दाबलेले असताना खबर ‘आहे’ अशीच येते. म्हणून शिडीत साधे उघडे चिन्ह काढावे.

पहिली पायरी कागदावर मराठीतच लिहावी. ‘तिन्ही फेज ठीक आहेत, पाणी खालच्या फ्लोटच्या वर आहे, ओव्हरलोड पडलेला नाही आणि बंद बटण दाबलेले नाही, तर चालू बटण दाबल्यावर पहिली मोटार चालावी व बटण सोडले तरी चालू राहावी.’ त्यानंतर वेळेच्या आज्ञा येतात. वीज परतताच तिन्ही मोटारी एकदम उठू नयेत. पहिलीने काही काळ थांबावे व पुढच्या दोन्हींनी ठराविक अंतराने उठावे. पाणी खालच्या फ्लोटखाली गेल्यावर थांबलेली मोटार वरचा फ्लोट उचलला गेल्यावरच पुन्हा सुरू व्हावी. एकाच फ्लोटवर भिस्त ठेवली, तर लाटेगणिक मोटार चालू-बंद होऊन तापते.

चाचणी मोटारींचा मुख्य पुरवठा तोडून घ्यावी. एकेक बटण दाबून घटकावरील दिवा लागतो किंवा विझतो ते पाहावे, फ्लोट हाताने उचलावा, एक तार मुद्दाम सोडवून पाहावी. नंतर नियंत्रकाची वीज घालवून परत द्यावी आणि कोणती आज्ञा आपोआप सुटते ते नीट टिपून घ्यावे. आपोआप सुरू होणाऱ्या मोटारीवर ग्लँडची दोरी बदलण्यास बसणाऱ्या माणसाच्या जिवाचा हा प्रश्न आहे. दुरुस्तीपूर्वी मुख्य खटका पाडून त्यास कुलूप लावावे आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात असावी.

आज्ञावलीची प्रत, तारांची क्रमवार यादी आणि संकेतशब्द हे संस्थेच्या ताब्यात आल्याखेरीज ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देऊ नये, आणि तसे करारातच लिहून घ्यावे. ते हाती नसल्यास एका फ्लोटची वेळ बदलण्यासाठीही ऐन उन्हाळ्यात त्याचीच वाट पाहावी लागते व ऊस वाळतो. एक प्रत संस्थेच्या कपाटात असावी. दुसरी, पंपचालकाने सांगितलेल्या त्या मराठी वाक्यांसह, नियंत्रकाच्या दारास आतून लावलेल्या पाकिटात ठेवावी, आणि जो कोणी आज्ञा बदलील त्याने तिच्यावर तारीख घालून सही करावी.