मज्जारज्जूची इजा आणि हळद : आशा किती, अंतर किती?

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या घरचे हमखास विचारतात, 'हळदीनं फरक पडतो म्हणे, देऊ का?' आज आपण याचंच उत्तर बघू.

ही इजा दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा क्षणाचा. मणका मोडतो, मज्जारज्जू चेंगरतो. तिथल्या पेशी गेल्या त्या गेल्या. दुसरा टप्पा मात्र पुढचे तास, दिवस, आठवडे चालतो. सूज येते, रक्तपुरवठा तुटतो, दाह भडकतो आणि वाचलेल्या पेशीही मरू लागतात. औषधाला वाव आहे तो इथे.

हळदीतल्या कर्क्युमिनकडे संशोधक वळले ते यामुळेच. दाह वाढवणारी जनुकं चालू करणारं 'एनएफ-कप्पा-बी' नावाचं प्रथिन असतं; कर्क्युमिन त्याला आवर घालतं. उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत दाह कमी झाला, मागचे पाय जास्त हलू लागले.

मग अडतं कुठे? एक तर हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्केच. त्यात ते पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि शरीर त्याचा लगेच निचरा करतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी मिऱ्यातलं पायपरीन सोबत दिलं, तेव्हा माणसांत त्याची उपलब्धता २० पट वाढली. पण मुळात नगण्य असलेलं २० पट झालं, तरी किती होणार? शिवाय प्रयोगात बऱ्याचदा इजेनंतर लगेच इंजेक्शन देतात. आपला रुग्ण घरी येतो तेव्हा आठवडे उलटलेले असतात.

घाई का नको, ते मिथाइलप्रेडनिसोलोननं शिकवलंय. १९९० च्या अमेरिकी चाचणीनंतर हे औषध सर्रास दिलं जाऊ लागलं. २०१३ मध्ये तिथल्याच न्यूरोसर्जन संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांनी ते देऊ नये असं सांगितलं. फायदा पक्का नव्हता, धोके मात्र खरे होते.

म्हणून आमचं उत्तर असं : भाजीतली हळद खुशाल खा. कर्क्युमिनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, रक्त पातळ करणाऱ्या औषधांशीही त्यांचं जमत नाही. गोळ्यांवरचा पैसा फिजिओथेरपीकडे वळवा. कूस बदलणं, लघवीची काळजी, रोजचा व्यायाम यांनी आजच फरक पडतो. कर्क्युमिनवरचं संशोधन चालू राहू दे. त्याची वाट बघताना हे थांबायला नको.