विषारी वायु सुटला असतां

संकट आलें कीं घराबाहेर धांवावें ही माणसाची उपजत बुद्धि. आगींत ती तारते; विषारी वायु सुटला असतां तीच घात करूं शकते. १९८४ सालच्या डिसेंबरांत, २ तारखेची रात्र सरून ३ उजाडण्यापूर्वीं, भोपाळच्या कीटकनाशकांच्या कारखान्यांतून मिथाइल आयसोसायनेट सुटलें. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. ती जमिनीलगत पसरत गेली. डोळे झोंबून जागे झालेले लोक अंधारांत धांवत सुटले, आणि धांवणारा माणूस श्वासही अधिक घेतो. दोष त्यांचा नव्हे. काय करावें हें त्यांना आधीं कोणीं सांगितलेंच नव्हतें. चेंबूर, तारापूर, महाड, लोटे येथें राहणाऱ्यांना तरी हा विषय दूरचा वाटूं नये.

बंद घर वायूला अजिबात अडवतें असें नाहीं. तें त्याचा शिरकाव मंद करतें. वाऱ्यानें ढग पुढें सरकेपर्यंत पुष्कळदां तेवढेंच पुरतें. म्हणून खोली आजच ठरवावी. क्लोरीन तर हवेच्या अडीचपट जड, तेव्हां ती वरच्या मजल्यावरची व कमी खिडक्यांची असावी. आपल्या घरांची खरी अडचण म्हणजे झरोके, जाळ्या आणि दाराखालची फट. (उन्हाळ्यांत ज्या झरोक्यांचें आपण कौतुक करतों, तेच येथें वैरी!) त्यांच्या मापाचे प्लास्टिकचे तुकडे कापून रुंद चिकटपट्टीसह त्या खोलींतच ठेवावे, ऐन वेळीं कात्री सांपडत नाहीं. फटींत ओलें फडकें कोंबावें. पंखे व एअरकंडिशनर बंद करावे. शेगडीच काय, निरांजनही पेटवूं नये. माणशीं १० चौरस फूट जागा असली तर सुमारें ५ तास श्वासाची अडचण पडत नाहीं. पाणी, औषधें, विजेरी, बॅटरीवरचा रेडिओ आणि मोबाईल जवळ हवे. घर सोडण्याचा सरकारी हुकूम झाला तर मात्र तोच मानावा.

पुष्कळांच्या ध्यानांत न येणारी गोष्ट निराळीच आहे. बाहेरची हवा निवळली तरी आंत शिरलेला वायु आंतच कोंडून राहतो. म्हणून धोका टळल्याचें जाहीर होतांच दारें-खिडक्या सताड उघडाव्या व सर्वांनीं मोकळ्या हवेंत यावें. आणि गळती घरांतल्या स्वयंपाकाच्या गॅसची असेल, तर यांतलें कांहींच करूं नये : दारें उघडावीं, विजेच्या बटणाला हात लावूं नये, आणि तडक बाहेर पडावें.