कुमारवयांतील व्यसनाची परीक्षा

मुलाच्या दप्तरांत सिगारेटचें पाकीट किंवा व्हाइटनरची रिकामी बाटली सांपडली म्हणजे सुशिक्षित घरांतहि प्रथम उलटतपासणी सुरू होते आणि मागोमाग शिक्षा. मूल खोटें बोलूं लागतें. निदान होण्यापूर्वींच रोगी तोंड मिटून बसतो!

वास्तविक तें कितपत आंत शिरलें आहे, हें आधीं कळावयास हवें. कुतूहलानें एकदां झुरका घेणारा, दर शनिवारीं मित्रांत पिणारा आणि घेतल्यावांचून ज्याचे हात थरथरतात तो, या तिघांना एकच उपाय कसा चालेल? यासाठीं अमेरिकेंत बोस्टन येथील मुलांच्या रुग्णालयांत ‘क्राफ्ट’ नांवाची सहा प्रश्नांची कसोटी तयार झाली. नशेंत असलेला माणूस, मग तो स्वतः कां असेना, चालवीत असलेल्या वाहनांत मूल कधीं बसलें काय? मन हलकें व्हावें किंवा चारचौघांत मिसळतां यावें म्हणून तें नशा करतें काय? एकटें असतांना करतें काय? त्या भरांत केलेलें मागाहून विसरतें काय? घरचे वा मित्र ‘कमी कर’ म्हणतात काय? त्यापायीं कधीं अडचणींत आलें काय? दोन उत्तरें होकारार्थी आलीं कीं सखोल तपासणी हवी. मात्र हे प्रश्न आईबापांना बाहेर बसवून विचारावयाचे असतात, आणि जिवाला धोका नसेल तोंवर उत्तरें गुप्त राहतील, हें मुलाला आधींच सांगावयाचें असतें. चोरून केलेल्या लघवीच्या तपासणीनें हें काम होत नाहीं. थिनर वा व्हाइटनर हुंगल्याचें तर नेहमींच्या तपासणींत उमगतहि नाहीं.

हुंगण्याची ही संवय विशेष घातक. भारत सरकारच्या २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत तिचें प्रमाण प्रौढांत ०.५८, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळलें. पहिल्याच खेपेस हृदय बंद पडून मृत्यु येऊं शकतो. तेव्हां ‘एकदांच केलें’ या उत्तरावर येथें स्वस्थ बसतां येत नाहीं.

नुकत्याच वळलेल्या मुलाला उपदेशापेक्षां, सोडण्याचीं कारणें त्याच्याच तोंडून वदवून घेणारें संभाषण उपयोगी पडतें. ही पद्धति विल्यम मिलर यांनीं १९८३ सालीं मांडली. संवय जडली असल्यास सबंध कुटुंबालाच उपचारांत बसावें लागतें. वडिलांचा रोजचा पेलाहि तेथें चर्चेंत येतो, आणि तें अनेकांना रुचत नाहीं. नशेच्या आड मनाची उदासीनता दडलेली असेल तर तिच्यावरहि उपाय करावे लागतात. फार पिणाऱ्या मुलाला खोलींत कोंडून दारू तोडणें मात्र प्राणावर बेततें. एकाएकीं थांबल्यानें झटके येतात, म्हणून तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच व्हावें. पुढें पुन्हां घसरण झाली तर उपचार बदलावयाचे असतात, सोडावयाचे नसतात.

कोठें जावें हें सुचत नसल्यास सरकारचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनि क्रमांक आहे.