ख्रिस्ती राज्यविचार, मध्ययुगीन

पश्चिम यूरोपात पाचव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ, विधिज्ञ व तत्त्ववेत्ते यांनी कायदा, राजसत्ता आणि धर्मसत्ता यांविषयी केलेल्या विवेचनास सामान्यपणे मध्ययुगीन ख्रिस्ती राज्यविचार म्हणतात. बायबल, रोमन कायदा, जर्मानिक टोळ्यांच्या रूढी आणि तेराव्या शतकापासून ॲरिस्टॉटलचे राजनीतिविषयक ग्रंथ ही त्याची प्रमुख उगमस्थाने होत. कायदा हा राजाच्या इच्छेहून श्रेष्ठ असून राजाही त्याने बद्ध आहे, ही या विचारातील सर्वसाधारण धारणा होती. तथापि राजानेच कायदा मोडल्यास त्यास कोणी आवरावयाचे, हा प्रश्न तिच्यातूनच उद्भवला. त्याला ईश्वर, पोप आणि समाज अशी तीन प्रकारची उत्तरे देण्यात आली.

सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने ४१० मधील रोमच्या लुटीनंतर देवनगरी हा ग्रंथ लिहिला. मानवाच्या पापप्रवृत्तीमुळे शासनसंस्था आवश्यक झाली, असे त्याचे मत होते. न्यायाचा लोप झाल्यास राज्य आणि दरोडेखोरांची मोठी टोळी यांत फरक उरत नाही, असेही त्याने बजावले. परंतु सर्व सत्ता ईश्वरदत्त आहे, या सेंट पॉलच्या वचनास अनुसरून दुष्ट राजाविरुद्ध बंड करण्याची मुभा त्याने दिली नाही. अशा राजाचा न्याय ईश्वरानेच करावयाचा होता. पोप पहिला जिलेशिअस याने ४९४ मध्ये सम्राट अनास्तेशिअसला पाठविलेल्या पत्रात धर्मगुरूंचा अधिकार व राजांची सत्ता यांचा स्वतंत्र उल्लेख करून पहिल्यावरील जबाबदारी अधिक भारी ठरविली. पुढील द्विसत्तावादाचा पाया या पत्रात आढळतो.

अकराव्या शतकात बिशपांच्या नेमणुकीच्या अधिकारावरून या दोन सत्तांत संघर्ष पेटला. पोप सातवा ग्रेगरी याने १०७६ मध्ये जर्मनीचा राजा चौथा हेन्री यास धर्मबहिष्कृत केले व त्याच्या प्रजेस राजनिष्ठेच्या शपथेतून मुक्त केले. जानेवारी १०७७ मध्ये कानॉसा येथे हेन्रीने पोपची क्षमा मागितली. व्हॉर्म्सच्या ११२२ मध्ये झालेल्या करारान्वये नेमणुकीचा वाद मिटला. पण राजा पदच्युत होऊ शकतो, ही कल्पना मागे राहिली. याच वादात लाउटेनबाखच्या मानेगोल्ट याने राजाची तुलना डुकरे राखणाऱ्या नोकराशी केली. नेमून दिलेले काम न करणाऱ्या नोकरास जसे काढून टाकतात, तसेच जुलमी राजासही काढता येते, असे त्याचे प्रतिपादन होते.

जॉन ऑफ सॉल्झबरी याने पोलिक्राटिकस (११५९) या ग्रंथात राज्यास मानवी देहाची उपमा दिली. त्यात धर्मगुरू हे आत्मा, राजा हे मस्तक, सैनिक हे हात आणि शेतकरी हे पाय होत. कायद्यानुसार वागतो तो राजा व कायदा पायदळी तुडवितो तो जुलमी, असा भेद करून जुलमी शासकाचा वध न्याय्य ठरू शकतो, असे त्याने म्हटले. इंग्लंडमधील मॅग्ना कार्टाच्या (१२१५) ६१ व्या कलमाने राजावर देखरेख ठेवण्यासाठी २५ सरदारांची समिती नेमली. राजास आवरण्याची ही एक प्रत्यक्ष यंत्रणा होती. परंतु पोप तिसरा इनोसंट याने त्याच वर्षी ही सनद रद्दबातल ठरविली आणि १२१६ च्या फेरआवृत्तीतून हे कलम वगळण्यात आले. ब्रॅक्टनच्या नावे प्रसिद्ध असलेल्या इंग्लिश कायद्यावरील ग्रंथातही राजा ईश्वर व कायदा यांच्या अधीन असल्याचे सांगितले आहे.

सेंट टॉमस अक्वाय्नस (सु. १२२५–७४) याने या विचारास सुव्यवस्थित रूप दिले. समाजाची काळजी वाहणाऱ्याने सार्वजनिक हितासाठी प्रसृत केलेला विवेकाचा आदेश म्हणजे कायदा, अशी त्याची व्याख्या आहे. शाश्वत, नैसर्गिक, मानवी व दैवी असे कायद्याचे चार प्रकार त्याने मानले. विश्वाचे नियमन करणारी ईश्वरी योजना हा शाश्वत कायदा होय. विवेकी मानवाचा त्यातील सहभाग म्हणजे नैसर्गिक कायदा. मानवी कायदा नैसर्गिक कायद्याविरुद्ध गेल्यास तो कायदा नसून कायद्याचा विपर्यास ठरतो. मात्र राजाला शिक्षा करणारा कोणी वरिष्ठ नसल्याने कायद्याची सक्ती त्याला लागू होत नाही. त्याने तो स्वेच्छेने पाळावा, असे अक्वाय्नसने मान्य केले. जुलमाचा प्रतिकार व्यक्तीने नव्हे, तर सार्वजनिक अधिकाराने करावा, असे तो म्हणतो.

पोप आठवा बॉनिफेस याने १३०२ च्या फर्मानात ऐहिक सत्ता धर्मसत्तेच्या अधीन असल्याचा दावा केला. पुढील वर्षी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याच्या माणसांनी त्याला आनान्यी येथे पकडले. त्यानंतर पोपच्या ऐहिक अधिकारावरील टीका वाढली. पॅड्युआच्या मार्सिलिअसने शांतिरक्षक (१३२४) या ग्रंथात लोकसमुदाय किंवा त्यातील अधिक वजनदार भाग हाच खरा विधिकर्ता असून शासकास ताळ्यावर आणण्याचा अधिकारही त्यालाच आहे, असा सिद्धांत मांडला. या ‘वजनात’ संख्येबरोबर योग्यताही धरली असल्यामुळे त्याला आधुनिक अर्थाने लोकशाहीवादी म्हणता येत नाही. १३२७ मध्ये पोपने त्याची मते पाखंडी ठरविली. पोपपदावर एकाहून अधिक दावेदार असताना भरलेल्या कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने (१४१४–१८) हेच तत्त्व चर्चला लावले. परिषदेचा अधिकार थेट ख्रिस्तापासून येतो व पोपनेही तिची आज्ञा पाळावी, असे तिने १४१५ मध्ये जाहीर केले. पोप दुसरा पायस याने १४६० मध्ये पोपविरुद्ध परिषदेकडे दाद मागण्यास मनाई केली.

या विचारास गंभीर मर्यादा होत्या. पाखंडी ठरविलेल्यांना कायद्याचे संरक्षण क्वचितच मिळाले, ज्यूंचे स्थान दुय्यम राहिले आणि ‘समाज’ म्हणजे बहुधा सरदार, धर्मगुरू व नगरांतील प्रतिष्ठित मंडळी असाच अर्थ घेतला गेला. तरीही त्यातील कल्पना पुढे टिकून राहिल्या. स्पॅनिश धर्मशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने १५३९ मध्ये अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या मालकीहक्कांचे समर्थन नैसर्गिक कायद्याच्या आधारे केले. अक्वाय्नसचा कायदाविचार रिचर्ड हुकरच्या द्वारे जॉन लॉकपर्यंत पोहोचला. सत्ता कायद्याने मर्यादित असावी, हे मध्ययुगाने तत्त्वतः मान्य केले होते. ती मर्यादा शांततेने अंमलात आणणारी टिकाऊ संस्था मात्र त्यास उभारता आली नाही. न्यायालये व प्रातिनिधिक विधिमंडळे यांच्याकडे हे कार्य पुढील शतकांत क्रमाक्रमाने आले.