पोरगा कोणतं काम शिकेल?

शेतकरी पेरणीआधी दोन गोष्टी पाहतो. आपलं रान कसं आहे? आणि बाजारात काय विकलं जाईल? पोराला हुन्नर शिकवायचा, तर हेच पाहावं लागतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याची जुनी गोष्ट ऐका. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी लढाई झाली. तिकडचा कापूस विलायतेला जाईना. मग विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस लागला. भाव चढले. पुढे १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडी आली, तीही या कापसासाठीच. पण लढाई संपल्यावर भाव उतरले. दूरच्या देशाची गरज अशी आपल्या दारात येते, आणि कधी परतही जाते.

आज कापसासारखीच कुशल हातांना मागणी आहे. जर्मनी देशात म्हातारी माणसं वाढली, मुलं कमी झाली. वीजकाम, नळकाम, गाडी चालवणं, आजाऱ्यांची सेवा या कामांना तिथे माणसं कमी पडतात. म्हणून २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. इथली कुशल माणसं तिकडे पाठवावी, असं त्यात ठरलं.

मग आजच पेटी भरायची का? नाही. करार म्हणजे नोकरी नव्हे. आधी हातात हुन्नर हवा. मग जर्मन भाषा यायला हवी. आजारी माणसाचं दुखणं समजलं नाही, तर सेवा कशी करणार? आपला दाखला तिथे चालतो का, तेही पाहिलं जातं.

जर्मनीची एक रीत मात्र घेण्यासारखी आहे. तिथला पोरगा आठवड्यातले काही दिवस कारखान्यात काम शिकतो, काही दिवस शाळेत जातो. शिकताना त्याला पगार मिळतो. काय शिकवायचं, हे सरकार, मालक आणि कामगार मिळून ठरवतात. त्यामुळे शाळेत एक आणि कारखान्यात दुसरंच, असं सहसा होत नाही.

आपल्या देशात १९५० साली कारागीर शिक्षणाची योजना सुरू झाली. तिच्यातूनच आय.टी.आय. उभ्या राहिल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. त्याप्रमाणे कारखान्यात शिकणाऱ्या उमेदवाराला विद्यावेतन मिळतं.

तेव्हा पोराचं किंवा पोरीचं नाव घालण्याआधी आय.टी.आय.त स्वतः जा. लाजू नका. चार गोष्टी विचारा. हा धंदा किती वर्षांचा? वेल्डरचा एक वर्षाचा असतो, फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. यंत्रं चालू आहेत का? कारखान्यात शिकायला पाठवता का? मागच्या वर्षीची पोरं कुठे कामाला लागली?

परदेशी धाडतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर त्याचा सरकारी परवाना पाहा. कागद वाचल्याशिवाय अंगठा नाही, सही नाही. आता तुम्हांला वाचता येतं. त्याचा पहिला उपयोग इथेच करा.

परदेश मिळो न मिळो, हुन्नर वाया जात नाही. विहिरीवरची मोटर जळते, ट्रॅक्टर बंद पडतो, तेव्हा गावालाही जाणता हात लागतो.